सगळं पाच मिनिटांवर

त्या घराला चौदा वर्षांत पाच मालक झाले, आणि पाचही जण स्वतःला भलतेच हुशार समजणारे. घर दिसायला वाईट नाही. खाली दोन खोल्या, वर दोन, पुढे गाडीपुरती जागा, जिन्याला लाकडी कठडा, मागच्या बाजूला रुंद खिडकी. गोम त्या मागच्या खिडकीतच. खिडकीसमोर उंच भिंत आणि भिंतीपलीकडे बसडेपो. पहाटे साडेचारला तिथे चाळीस बसेसची इंजिनं सुरू होतात आणि तास-दीड तास जागच्या जागी धडधडत उभी राहतात. काळा धूर भिंतीवरून उडी मारून सरळ मागच्या खोलीत. सहाला बसेस निघून जातात. मग दिवसभर अशी शांतता, की वाटावं इथे माणूस राहतच नाही.

हे सगळ्यात नीट कुणाला माहीत, तर शेजारच्या बैठ्या घरातल्या शिवणकामवालीला. गल्ली तिला कात्री म्हणायची. तोंडावर ताई, पाठ फिरली की कात्री. तिला ते ठाऊक होतं. ती म्हणायची, "बोथट म्हणत नाहीत ना, मग झालं."

कात्रीचा नवरा त्याच डेपोत मेकॅनिक. त्याच्यामुळेच ती तिथे राहत होती, नाहीतर कोण राहतं. पहिली बस सुरू झाली की तो डोळे मिटूनच सांगायचा, "सतरा नंबरचा पंप गेला." आणि कूस बदलून अजून दहा मिनिटं झोपायचा. कात्री मात्र उठायची, ओल्या फडक्याने मशीन पुसायची, खिडक्या घट्ट लावायची आणि कामाला बसायची. मशीन पुसल्याशिवाय कुणाचं पांढरं कापड ती टेबलावर घ्यायची नाही. एवढ्या काजळीत राहून तिने शिवलेल्या कपड्यावर डाग पडला असं कुणी म्हणून दाखवावं.

आता तो एजंट. त्याचं नाव पाचमिनिट्या, कात्रीनेच ठेवलेलं. चौकात काचेचं ऑफिस, आत प्लास्टिकचं झाड, भिंतीवर वस्तीचा नकाशा. नकाशावर त्या घराच्या ठिकाणी कंपासचं टोक रोवून त्याने एक गोल काढला होता. गोलात जे जे येईल ते पाच मिनिटांवर. मध्ये भिंत असो, कालवा असो, कंपासला काय त्याचं. बाईकवर बसल्याशिवाय चहाच्या टपरीपर्यंत न जाणारा माणूस हा, आणि लोकांना चालायची मिनिटं सांगायचा.

जाहिरातीत लिहिलेलं, शाळा पाच मिनिटांवर. शाळा गच्चीवरून दिसते, खोटं नाही. मधल्या सुट्टीत कोण कुणाला ढकलतंय तेसुद्धा दिसतं. पण मध्ये कालवा, आणि पूल दोन किलोमीटर खाली. उद्यान तीन मिनिटांवर. उद्यान म्हणजे दोन रस्त्यांच्या मधला तिकोना, त्याला कुंपण, कुंपणाला कुलूप, आणि किल्ली ज्याच्याकडे होती तो माणूस रिटायर होऊन गेला. दवाखाना हाकेच्या अंतरावर, तो दातांचा, फक्त बुधवारी. म्हणजे तुम्हाला काही व्हायचंच असेल तर दाताला व्हावं आणि बुधवारी व्हावं. मागे निसर्गदृश्य. ते डेपोवाल्यांनी भिंतीवर रंगवलेलं, एक धबधबा आणि दोन हरणं, त्यातल्या एकाचं डोकं पोपडे निघून गेलेलं. आणि वरून, बससेवा अगदी दारात! चाळीस बसेस दारात, आणि एकही माणसं घेत नाही. बस पकडायची तर वीस मिनिटं चालत बाजारात जायचं, मग ती बस तुम्हाला तुमच्याच घरावरून फिरवून नेते.

घर दाखवायची वेळ ठरलेली, अकरा ते चार. त्याआधी नाही, त्यानंतर नाही. "सकाळी मी पूजा..." असं काही बोलायला जाऊन तो थांबायचा आणि म्हणायचा, "सकाळी मालकांना डिस्टर्ब नको." केवढी ती काळजी मालकांची.

पहिला मालक इंजिनिअर. त्याने घर बांधलं तेव्हा मागे मोकळं मैदान होतं. डेपो आला तसा तो पळाला. मग औषधांच्या दुकानवाला आला, त्याची बायको वर्षभर खोकली, घरात औषधं असून. मग ड्रायव्हिंग क्लासवाला. गाड्यांची आवड असलेला माणूस, हा तरी टिकेल असं वाटलं, तर अकरा महिन्यांत गेला. मग प्राध्यापक नवरा-बायको. ते अर्ज लिहायचे. डेपोला अर्ज, पालिकेला अर्ज, पेपरला पत्र. अर्जाच्या कागदावरसुद्धा काजळी बसायची. शेवटी तेही विकून मोकळे झाले. त्यांच्याकडून घर घेतलं चष्म्याच्या दुकानवाल्याने. लोकांना नीट दिसावं म्हणून काचा देणारा, आणि स्वतःला चाळीस बसेस दिसल्या नाहीत.

यातली सगळ्यात किळसवाणी गोष्ट वेगळीच. जो फसला, तोच विकताना फसवायला दारात हसत उभा. पुढचं गिऱ्हाईक यायचं असलं की भिंती पुसायच्या, मागच्या खोलीत अत्तराचा फवारा, आणि "आम्हाला जड जातंय हो सोडायला" असा चेहरा. वर्षभर पाचमिनिट्याला शिव्या घालणारे विकायची वेळ आली की त्याच्याच गळ्यात गळा. कात्री खिडकीतून बघायची आणि दाताने दोरा तोडायची.

तिचा त्या घराशी संबंध पडद्यांपुरता. प्रत्येक नवी बाई पडदे शिवायला तिच्याकडेच. खिडक्यांची मापं तिला पाठ होती, तरी प्रत्येकीला वाटायचं आपल्या खिडक्या वेगळ्या. "परत मोजा ना ताई." मोज बाई. भिंती काय तुझ्यासाठी सरकल्यात? कात्री म्हणायची, मागच्या खोलीला राखाडी कापड घ्या. त्या घ्यायच्या पांढरं. मग चार महिन्यांनी तोच पडदा हातात घेऊन दारात, "कापड खराब दिलं तुम्ही."

पण एक होतं. घर बघायला आलेली माणसं शेजारी विचारायला यायची, आणि कात्री खरं सांगायची. "घर कसं आहे हो?" "घेऊ नका." "म्हणजे?" "म्हणजे पैसे जास्त झाले असतील तर कालव्यात टाका, निदान खोकला तरी होणार नाही." आणि मग डेपो, धूर, साडेचार, सगळं सांगायची. माणसं मान डोलवायची, आभार मानायची आणि आठ दिवसांनी सामानाचा टेम्पो घेऊन हजर! औषधवाला झाला, ड्रायव्हिंगवाला झाला, प्राध्यापक झाले. कात्रीला कळेना. माणसांना कान आहेत की नुसती चष्मा अडकवायची सोय?

कळलं ते प्राध्यापकीणबाई घर सोडताना. टेम्पो भरून झाला आणि बाई कुंपणापाशी येऊन म्हणाली, "घ्या आता. तुम्हाला तुमच्या भावासाठी हवं होतं ना हे घर?"

"माझ्या भावासाठी?" कात्रीच्या हातातली टेप खाली पडली.

"एजंटने सांगितलेलं आम्हाला. शेजारीण नावं ठेवेल, लक्ष देऊ नका, तिला भावासाठी स्वस्तात पाहिजे. आम्ही म्हटलं, एवढी शेजारीण टपून बसलीय म्हणजे घर चांगलंच असणार."

कात्री तशीच चपला घालून चौकात. पाचमिनिट्या खुर्चीत गोल फिरत होता. तिला बघून थांबलासुद्धा नाही.

"लाज वाटते का रे तुला?"

"ताई, बसा ना. पाणी घेणार?"

"माझ्या नावावर काय सांगतोस लोकांना?"

"तुमच्यामुळे तीनदा विकलं घर, ताई. नुसतं मी चांगलं म्हटलं असतं तर कुणी घेतलं नसतं. तुम्ही वाईट म्हणता म्हणून घेतात." आणि हसला. "तुम्हाला भाऊ आहे का हो खरंच?"

कात्री तडक बाहेर पडली. त्या दिवसापासून तिने त्या घराबद्दल तोंड शिवून टाकलं. चष्मेवाला विचारायला आला तर म्हणाली, "मला काही माहीत नाही." तिचं खरं बोलणं ही तिची एकच मिरवायची गोष्ट होती, आणि त्या हलकटाने ती दुकानात मांडून विकली होती.

भाऊ होता तिला. धाकटा. नऊ वर्षं बोलणं नव्हतं. त्याने एका मित्राबरोबर फर्निचरचं दुकान टाकलं तेव्हा कात्री म्हणाली होती, हा मित्र पळणार. सहा महिन्यांत मित्र पळाला. इथवर ठीक. पण कात्रीने भावाच्या सासऱ्यांसमोर, भरल्या घरात, "मी सांगितलं होतं" असं म्हटलं. मित्राने बुडवलं ते भावाने पचवलं, बहिणीचं ते वाक्य नाही पचवलं. पळालेल्या माणसावर कमी राग आणि खरं बोललेलीवर जास्त. पण भाऊच तो. कात्री त्याच्याबद्दल कुणाला एक शब्द वाकडा बोलू द्यायची नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

चष्मेवाल्याने दोन वर्षांत हात टेकले आणि घर परत विकायला निघालं. एका दुपारी कात्री दारातच बसून एका झग्याची खालची घडी टाचत होती, तोंडात चार टाचण्या. समोर सावली पडली. वर बघितलं तर भाऊ. केस मागे गेलेले, पोट पुढे आलेलं. मागे त्याची बायको, तिच्या हातात जाहिरातीचा कागद.

"ताई," भाऊ म्हणाला. "मला सगळं कळलं."

कात्रीच्या तोंडात टाचण्या. तिने नुसत्या भुवया वर केल्या.

"शेजारचं घर बघायला आलो होतो. तू इथे राहायला आलीयस हेसुद्धा माहीत नव्हतं. एजंट म्हणाला, शेजारची शिवणवाली किती वर्षं हे घर भावासाठी राखून बसलीय. हल्ली बोलत नाही, कारण आतून बोलणी चालू आहेत तिची. मी खिडकीतून वाकून बघितलं तर तू!" त्याने डोळे पुसले. "मी नऊ वर्षं तुझं नाव घेतलं नाही, आणि तू माझ्यासाठी घर बघत होतीस."

कात्रीने एकेक टाचणी काढून मनगटावरच्या छोट्या उशीला टोचली. चारही टोचून झाल्यावर म्हणाली, "आत या. चहा टाकते."

"मी त्याला सांगितलं नाही मीच भाऊ म्हणून," भाऊ आत येत म्हणाला. "उगाच भाव वाढवेल. उद्या दहाला टोकन देतो. उरलेल्याचं कर्ज काढू."

"मुलीची शाळा तर गच्चीतून दिसतेय," बायको म्हणाली. आवाजात आनंदापेक्षा हिशेबीपणा जास्त. "चालत खरंच पाच मिनिटं का हो ताई?"

कात्री चहा गाळत होती. म्हणाली, "साखर किती?"

ते गेले. कात्री मशीनवर बसली आणि एक शिवण तीनदा उसवली. डोळ्यांसमोर दिसत होतं सगळं. कुंपणावरून भाची आत्या म्हणून हाक मारतेय. भाऊ वाटी घेऊन साखर मागायला येतोय. नऊ वर्षं जे नव्हतं ते सगळं कुंपणापलीकडे, दहा पावलांवर.

नवरा डेपोतून आला. ऐकून घेतलं, हात धुतले. "मग सांगितलंस का त्याला?"

"काय सांगू? नको घेऊस म्हटलं की तो म्हणणार, बहिणीला मी शेजारी नको."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"तर घेईल."

"मग पोरगी खोकणार, त्याची बायको पांढरे पडदे लावणार, आणि दोन वर्षांनी तो दारात अत्तर मारून उभा राहणार. तुझा भाऊ." त्याने टॉवेल खांद्यावर टाकला. "मी काय, मेकॅनिक माणूस. मला इंजिनातलं कळतं."

सकाळी दहाला कात्री काचेच्या ऑफिसात. भाऊ आणि त्याची बायको बसलेले, समोर कागद, भावाच्या हातात पेन. पाचमिनिट्या उठूनच उभा राहिला.

"सही करू नकोस," कात्री म्हणाली.

"बघितलंत?" पाचमिनिट्या भावाकडे वळला, विजयी. "म्हटलं नव्हतं? ऐन वेळी येणार नावं ठेवायला. सांगतो ना तुम्हाला, हिला हे घर हिच्या भावासाठी पाहिजे!"

"तिचा भाऊ मीच आहे," भाऊ म्हणाला.

पाचमिनिट्याचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. पाच मिनिटं नाही, पण बराच वेळ.

"मी कुणासाठी घर बघत नव्हते," कात्री म्हणाली. भावाकडे बघून, सरळ. "हा थापा मारतो. लोकांना भुलवायला ह्याने भाऊ काढला. मला भाऊ आहे का नाही हेही ह्या गाढवाला माहीत नव्हतं. ते घर धुराने भरतं. पहाटे साडेचारपासून सहापर्यंत, रोज, चाळीस बसेस. शाळेला जायला पाऊण तास. मी काल सांगायला पाहिजे होतं. चहा पाजला आणि गप्प बसले. ते माझं चुकलं."

भावाने पेन खाली ठेवलं. चेहरा असा झाला, जसा त्या दिवशी सासऱ्यांसमोर झाला होता. "म्हणजे तू माझ्यासाठी... काहीच नाही?"

"नाही."

"नऊ वर्षांत एकदाही नाही?"

"आठवण रोज यायची. घर नाही बघितलं."

"मी शेजारी आलेलं तुला नकोय, असं सांग ना सरळ."

"इथे नकोस. ठोंब्या, इथे नकोस तू मला!" कात्रीचा आवाज फाटला. लहानपणी ती त्याला याच नावाने हाक मारायची. भावाची बायको चमकून नवऱ्याकडे बघायला लागली. "उद्या पहाटे ये आणि त्या खोलीत दहा मिनिटं उभा राहा. मग पाहिजे तर सही कर, मी पडदे फुकट शिवून देते."

भाऊ उठला आणि कुणाकडे न बघता बाहेर गेला. बायको मागे थांबली. तिने कागद उचलले, नीट घडी घातली आणि पाचमिनिट्याच्या पुढ्यात ठेवले. "साडेचारला सुरू होतात ना? पाचला नाही, साडेचारला?"

"साडेचार," कात्री म्हणाली.

"मॅडम, थोडा आवाज कुठे नसतो," पाचमिनिट्याने सुरू केलं, "आणि बससेवा तर बघा..."

"तुम्ही गप्प बसा हो," ती म्हणाली आणि नवऱ्याच्या मागे गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे कुणी आलं नाही. कात्री साडेचारपासून दारात उभी होती, धुरात, पदर नाकाला लावून. सहाला बसेस गेल्या. तिने मशीन पुसलं आणि कामाला बसली. चार दिवस गेले, आठ गेले. पाचमिनिट्याने घर दुसऱ्याला दाखवायला सुरुवातही केली होती, कुणीतरी वकील होता.

पंधराव्या दिवशी भावाच्या बायकोचा फोन आला. "ताई, एक घर बघतोय. कालव्याच्या पलीकडे, शाळेच्या बाजूला. हे म्हणाले, तिला बोलव."

"तो स्वतः म्हणाला?"

"म्हणजे, मी म्हटलं बोलवू का, तर नाही म्हणाले नाहीत."

कात्रीने टेप गळ्यात टाकली आणि निघाली. भाऊ दारात उभा होता. तिला बघून बाजूला झाला. कात्री आत शिरली. तिने नळ सोडले, खिडक्या उघडल्या, फरशीवर टाच आपटून बघितली. घराची मालकीण, एक जाडजूड बाई, कौतुकाने मागे मागे फिरत होती.

"न्हाणीघराचं दार उलटं बसवलंय," कात्री म्हणाली. "आत माणूस असला तर पाय दारात."

"ते फिरवून घेता येतं," भाऊ म्हणाला. पंधरा दिवसांत तिच्याशी बोललेलं त्याचं हे पहिलं वाक्य.

"आणि या भिंतीला ओल आहे."

"ओल नाही ती, रंग आहे तसा."

"हात लाव. लाव हात. हा रंग आहे?"

भावाने हात लावला आणि पुसला. "जरा हळू बोल ना, त्या बाई ऐकतायत."

"ऐकू देत. तुला राहायचंय इथे, त्यांना नाही." आणि ती स्वयंपाकघराकडे वळली. भाऊ तिच्या मागोमाग निघाला, पुढचं कपाट तिच्यासाठी उघडून धरायला.